पोचल्यावर काय?

भारतीय पायदळात जवानाच्या दमाची जी परीक्षा होते तिला सगळे बीपीईटी म्हणतात. बॅटल फिजिकल एफिशिएन्सी टेस्ट हे पूर्ण नाव फक्त कागदावर. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, पायात बूट, आणि हा सगळा सरंजाम घेऊन पाच किलोमीटर पळायचं. तिशीच्या आतल्या जवानाने पंचवीस मिनिटांत ते संपवलं तर शेरा ‘एक्सलंट’. त्याखाली ‘गुड’, त्याखाली ‘सॅटिस्फॅक्टरी’, आणि त्याहीखाली गेला तर नापास. पण परीक्षा पाच किलोमीटरवर संपत नाही. साठ मीटरची जोराची धाव, नऊ फुटी खड्डा एका उडीत पार करणं, उभा दोर, आडवा दोर हे सगळं असतंच. आणि हे सगळं पार पडलं तरी ‘तुझा नंबर कितवा’ असं कुणी विचारत नाही. उस्ताद, म्हणजे फौजेतला पीटी शिकवणारा, यादीवर शेरा लिहितो आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारतो. पळणं हे तिथे काम नव्हेच. काम पोचल्यावर सुरू होणार असतं.

हे पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांनी ही परीक्षा आधी वर्षानुवर्षं दिली आणि नंतर, स्वतः उस्ताद झाल्यावर, दुसऱ्यांची घेतली. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणतं. आपल्याकडे शिपाई म्हणून रिटायर झालेल्यालाही गाव मेजरच करतं. सरकारने न दिलेली ही बढती कुणी नाकारल्याचं ऐकिवात नाही. मीही या प्रस्तावनेत त्यांना मेजरच म्हणणार आहे. आडनाव मुखपृष्ठावर आहे, आणि पुस्तकभर त्यांनी स्वतःचं नाव जितक्या वेळा टाळलं आहे ते पाहता त्यांना ते आवडेलही.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केलं ते इतर हजारो माजी सैनिकांच्या गोष्टीपेक्षा वेगळं नाही. थोडी शेती, एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्याची नोकरी, सकाळी गावातल्या पोरांना भरतीची तयारी. सोळाशे मीटर, बीम, लांब उडी. बीम म्हणजे आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं. शहरातल्या जिममध्ये त्याला पुलअप म्हणतात. त्या पोरांपैकी एक जण पुण्यात नोकरीला लागला आणि त्याने आपल्या उस्तादांचं नाव, त्यांना न विचारता, पुण्याजवळच्या एका अडथळ्यांच्या शर्यतीत घातलं. तिथून या पुस्तकाला सुरुवात होते.

त्या पहिल्या शर्यतीचं प्रकरण मी क्रीडा पत्रकार म्हणून वाचायला घेतलं आणि तीन ठिकाणी थांबलो. पहिलं ठिकाण सुरुवातीच्या रेषेचं. कानठळ्या बसवणारं संगीत, सूत्रसंचालकाचा आरडाओरडा, चेहऱ्यावर काळे पट्टे ओढलेली आयटीतली मुलंमुली, हिरव्या-तपकिरी छापाचे टी-शर्ट. मेजरना यातलं काहीच खटकलं नाही, असं ते लिहितात. खटकलं ते वेगळंच. कुणी फॉल-इन केलं नाही. कुणी नफरी मोजली नाही. इतकी माणसं डोंगरात सोडायची आणि किती गेली हे मोजायचं नाही, याची त्यांना खरीखुरी काळजी वाटली. प्रत्येकाच्या पायाला वेळ मोजणारी चिप बांधलेली आहे हे त्यांना नंतर कळलं. तरीही त्यांचं समाधान झालेलं दिसत नाही. चिप वेळ मोजते, माणूस मोजत नाही, एवढं एक वाक्य लिहून ते पुढे सरकतात.

दुसरं ठिकाण भिंतीचं. आठ-नऊ फुटांची लाकडी भिंत. मेजर ती सहज चढले आणि वर बसून राहिले. खालून येणाऱ्या प्रत्येकाला हात दिला. एकाला, मग दुसऱ्याला, मग एका मुलीला, मग तिच्या चार मैत्रिणींना. अशा शर्यतींत मदतीला मनाई नसते, उलट तिचं कौतुकच होतं. पण मेजर मदत करत नव्हते. सेक्शनचा, म्हणजे आपल्या छोट्या तुकडीचा, शेवटचा माणूस पार झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं, ही त्यांच्या हाडांत भिनलेली सवय होती. फक्त इथे सेक्शन कुठे संपतो हेच ठरलेलं नव्हतं. माणसं येतच राहिली. अखेर एका स्वयंसेवकाने विचारलं, “अंकल, तुम्ही रेसमध्ये आहात ना?”

तिसरं ठिकाण शेवटच्या रेषेचं, आणि माझ्या मते सगळं पुस्तक तिथे उभं आहे. मेजर रेषा ओलांडून आले, गळ्यात पदक पडलं, हातात केळं आलं. आजूबाजूला मुलं जमिनीवर आडवी झाली होती. कुणी ओकत होतं, कुणी हसत होतं. मेजर ताठ उभे होते, श्वासही फारसा चढलेला नव्हता, आणि डोळे कुणाला तरी शोधत होते. रिपोर्ट कुणाला द्यायचा? वेळ पाहिली तर गावातल्या ज्या पोरांना ते रोज पळवत होते त्यांच्याहून मागे. ताकद होती, दम होता, तो सगळा शिल्लक होता. शर्यतीचा नियम असा की जे शिल्लक राहिलं ते वाया गेलं. फौजेचा नियम याच्या बरोबर उलटा. पोचताना ज्याच्यात काही शिल्लक नाही तो सेक्शनवर ओझं.

मेजर हे तत्त्वज्ञान म्हणून मांडत नाहीत. त्यांना ते आवडणारही नाही. पण पुढची सगळी प्रकरणं याच एका अडचणीशी झटतात, आणि ही अडचण त्यांच्या एकट्याची नाही. जगभरात ज्याला ‘टॅक्टिकल फिटनेस’ म्हणतात त्या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी ती आहे. मराठीत या विषयावर जवळपास काहीच लिहिलेलं नसल्याने त्याबद्दल चार शब्द सांगणं हे प्रस्तावनाकाराचं काम ठरतं.

सैनिकाच्या कामातून स्पर्धा काढायची ही कल्पना जुनी आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन आलं, त्यामागे पिएर द कुबर्तँ यांच्या डोक्यात शत्रूच्या मुलखात सापडलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्याचं चित्र होतं. पिस्तूल चालवायचं, पोहायचं, तलवार खेळायची, अनोळखी घोड्यावर बसायचं, पळायचं. त्या वर्षी अमेरिकेकडून जॉर्ज पॅटन नावाचा तरुण लेफ्टनंट उतरला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात ज्याचं नाव गाजलं तोच. तो पाचवा आला, आणि नेमबाजीत एकविसावा. एक गोळी आधीच्याच भोकातून गेली, ती धरलीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. शंभर वर्षांनंतरही हा वाद कुणी मिटवू शकलेलं नाही आणि मिटवण्याची गरजही नाही. गंमत अशी की पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकनंतर या खेळातून घोडा गेला आणि लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये त्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे. म्हणजे मेजर ज्या भिंतीवर बसून राहिले तिची एक चुलत बहीण आता ऑलिंपिकला निघाली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आंरी दब्रू या फ्रेंच कॅप्टनने सैनिकी पेंटॅथलॉन जुळवलं. डच छत्रीधारी सैनिकांचा सराव त्याने पाहिला होता. विमानातून उडी मारून उतरायचं, मग वीस किलोमीटर जायचं, आणि वाटेत ठरलेली लढाऊ कामं करायची. त्यातून विमान वगळून त्याने रायफलची नेमबाजी, पाचशे मीटरांत वीस अडथळे, अडथळ्यांसह पोहणं, हातबॉम्बची फेक आणि क्रॉसकंट्री असे पाच प्रकार बसवले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सैनिकी क्रीडा परिषदेने तो खेळ जगभर नेला. याच परिषदेच्या जागतिक सैनिकी क्रीडास्पर्धा २००७ मध्ये हैदराबादला भरल्या होत्या आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या. आपल्याकडच्या वाचकाला त्या आठवत नाहीत, कारण त्या वर्षी आपण क्रिकेट पाहत होतो.

पण हे सगळं सेवेतल्या सैनिकांसाठी. निवृत्त माणसाने, किंवा आयुष्यात कधी वर्दी न चढवलेल्याने, असल्या स्पर्धेत उतरावं ही गोष्ट अलीकडची आणि मुख्यतः अमेरिकेतली. त्याला अफगाणिस्तान आणि इराक कारणीभूत आहेत. वीस वर्षं चाललेल्या त्या युद्धांत सैनिकाच्या अंगावर चिलखताच्या पाट्या, पाणी, दारूगोळा, रेडिओ यांचं ओझं इतकं वाढलं की जोर, सिट-अप आणि दोन मैलांची धाव यांवर माणूस जोखण्याची पद्धत अपुरी पडू लागली. अमेरिकी सैन्याने १९८० पासून चालत आलेली ही परीक्षा बदलून वजन उचलणं, ओढणं, वाहून नेणं तिच्यात आणलं. याच काळात सैनिक, पोलिस आणि अग्निशामक यांना एक प्रकारचे खेळाडूच समजून त्यांचा व्यायाम शास्त्रशुद्ध बसवण्याचा विचार रुजला. नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशनने तर त्यासाठी प्रशिक्षकांचं वेगळं प्रमाणपत्र काढलं. आणि मग सेवेतून बाहेर पडलेले लोक, ज्यांच्याकडे अंग होतं आणि ज्यांना संध्याकाळी करायला काही नव्हतं, त्यांनी स्पर्धा काढल्या.

त्यांतल्या काही स्पर्धाच नाहीत. जेसन मॅकार्थी या माजी स्पेशल फोर्सेस सैनिकाने २००८ मध्ये गोरक नावाची पाठपिशव्यांची कंपनी काढली आणि २०१० पासून त्या पिशव्यांत वजन भरून रात्रभर चालवण्याचे कार्यक्रम सुरू केले. तिथे क्रमांक नसतो. माजी सैनिक असलेला प्रमुख सगळ्यांना एका गटात बांधतो, मधेच एक ओंडका खांद्यावर देतो आणि वेळेत अमुक ठिकाणी पोचा म्हणतो. उलट ‘टॅक्टिकल गेम्स’ ही चोख स्पर्धा आहे. अंगावर चिलखताची जाकिटं, सोबत रायफल आणि पिस्तूल. वाळूची पोती उचलून, दोर चढून, धापा टाकत निशाणावर यायचं आणि थरथरत्या हातांनी नेम धरायचा. चुकलेल्या नेमाला दंड वेळेचा. मेजरनी तिचे व्हिडिओ पाहिले आणि एक प्रकरण त्यावर खर्च केलं. ते प्रकरण पुस्तकातलं सगळ्यांत हेव्याने भरलेलं आहे, आणि मला ते फार आवडलं. कारण तिथे पोचल्यावर करायला काम आहे.

आपल्याकडे ती स्पर्धा तशीच्या तशी होणार नाही, हे उघड आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बाळगणं हा परवान्याचा मामला, आणि परवाना मिळाला तरी ती खांद्यावर टाकून शेकडो लोकांनी माळावर पळणं हा वेगळाच. ते बरंच आहे, असं माझं मत. त्यामुळे भारतात या प्रकारातलं जे आलं ते बंदूक वगळून आलं. अडथळ्यांच्या शर्यती, वजन घेऊन चालणं, आणि २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत पहिल्यांदा झालेली हायरॉक्स, ज्यात एक किलोमीटर पळायचं, मग ढकलणं-ओढणं-उचलणं यांतलं एक काम, असं आठ वेळा. हायरॉक्स जर्मनीत जन्मली. तिचा सैन्याशी संबंध नाही आणि तसा ती दावाही करत नाही. मला तिचा हा प्रामाणिकपणा आवडतो. ज्या शर्यती सैनिकी छापाचे कपडे विकतात आणि प्रत्येक चिखलाच्या खड्ड्याला एखाद्या कमांडो तुकडीचं नाव देतात, त्यांच्याबद्दल मेजर माझ्यापेक्षा सौम्य आहेत. पोरं निदान मोबाइल ठेवून पळतात तरी, म्हणतात. मी मात्र म्हणेन की युद्धाचा वेश भाड्याने मिळायला लागला की युद्ध स्वस्त वाटू लागतं.

याच ठिकाणी मर्फच्या प्रकरणाकडे यायला हवं. लेफ्टनंट मायकेल मर्फी हा अमेरिकी नौदलाच्या सील दलातला अधिकारी २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात मारला गेला. डोंगरात घेरल्या गेलेल्या आपल्या चार जणांच्या तुकडीसाठी मदत मागायला तो आडोसा सोडून उघड्यावर गेला, कारण आडोशात फोन लागत नव्हता. २००७ मध्ये त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्याचा एक आवडता व्यायाम होता. एक मैल पळणं, शंभर बीम, दोनशे जोर, तीनशे बैठका, पुन्हा एक मैल, आणि हे सगळं वीस पौंडांचं म्हणजे साधारण नऊ किलोंचं जाकीट घालून. त्याच्या मृत्यूनंतर क्रॉसफिटवाल्यांनी या व्यायामाला त्याच्या नावावरून ‘मर्फ’ म्हटलं, आणि आता मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या स्मृतिदिनाला जगभरच्या जिमांत तो केला जातो.

मेजरना आधी हे पटलं नाही. स्वतःच्या पलटणीतली गेलेली माणसं आठवून ते लिहितात की मेलेल्या माणसाच्या नावाने घाम गाळणं ही जिवंतांची चैन आहे. तरी ते गेले. पुण्यातल्या एका जिममध्ये, त्यांच्या निम्म्या वयाच्या लोकांत. प्रशिक्षकाने सांगितलं की बीम पाच, जोर दहा, बैठका पंधरा अशा वीस फेऱ्या करा, हात टिकतील. मेजर म्हणाले, आधी शंभर बीम संपवू. साठाच्या पुढे कुठेतरी हात बोलेनासे झाले. मग एक-एक बीम, मग खाली उतरून श्वास, मग पुन्हा एक. बाकीचे संपवून, आंघोळ करून, परत येऊन उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ‘कम ऑन अंकल’ म्हटलं नाही. सगळे नुसते मोजत होते. नव्वद. एक्क्याण्णव. मेजर लिहितात की नोकरी सोडल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी आपली नफरी घेतंय असं वाटलं. मर्फच्या दिवशी पदक नसतं, रेषा नसते. मला वाटतं त्यांचा विरोध तिथे मावळला, जरी त्यांनी तसं कबूल केलेलं नाही.

परदेशातल्या दोन उपक्रमांची ओळख इथे करून देतो, कारण मेजरच्या अडचणीवर त्यांत उत्तरं आहेत. एक अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतलं. एप्रिल १९४२ मध्ये फिलिपिन्समध्ये जपानी सैन्याने पाऊण लाखाच्या आसपास अमेरिकी आणि फिलिपिनो युद्धकैद्यांना बाटानमधून उन्हात, उपाशी चालवत नेलं. हजारो वाटेतच मेले. त्याच्या स्मरणार्थ १९८९ पासून मॅरेथॉनच्या अंतराची चाल होते, आणि १९९२ पासून ती व्हाइट सँड्सच्या वाळवंटात भरते. त्यात ‘हेवी’ नावाचा एक वर्ग आहे, पस्तीस पौंडांचं म्हणजे सोळा किलोंच्या जवळपास ओझं पाठीवर घेणाऱ्यांचा. पुष्कळ जण या ओझ्यासाठी दगड-वाळू न भरता तांदूळ आणि डाळी-कडधान्यं भरतात आणि पोचल्यावर ती गरजूंसाठी देऊन टाकतात. उपाशी चालवलेल्यांची आठवण काढायला धान्य पाठीवर घेऊन चालायचं, यात कुणी भाषण न करता सगळं बोलून झालेलं आहे.

दुसरं वेल्समधलं, आणि तिथे आपला संबंध थेट आहे. ब्रिटिश सैन्याची केंब्रियन पेट्रोल ही आठ जणांच्या गस्ती तुकड्यांची परीक्षा. अठ्ठेचाळीस तासांत साठएक किलोमीटर, डोंगर, चिखल, ऑक्टोबरातला वेल्सचा पाऊस. पण अंतराला महत्त्व नाही. वाटेत नदी ओलांडायची आहे, जखमी माणूस हलवायचा आहे, शत्रूच्या ठाण्याची टेहळणी करून जे पाहिलं ते नीट सांगायचं आहे, आणि या प्रत्येक कामाला गुण आहेत. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नाहीत. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या प्रत्येक तुकडीला सुवर्णपदक. ते एकाही तुकडीला मिळणार नाही असंही होऊ शकतं, किंवा दहा तुकड्यांना मिळेल असंही. भारतीय सैन्याच्या तुकड्यांनी तिथे सुवर्ण मिळवलेलं आहे. २०२१ मध्ये पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या पलटणीने ते आणलं. आपल्या वर्तमानपत्रांत ‘भारत जिंकला’ अशा मथळ्याखाली बातमी आली. त्या परीक्षेत कुणाला हरवून जिंकायचं नसतं, हे मथळा देणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

आता वयाविषयी. ‘माजी सैनिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पदकं लावलेला पांढऱ्या मिशांचा गृहस्थ येतो. प्रत्यक्षात शिपाई पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनीला पात्र होतो, म्हणजे पस्तिशीत पोचलेला, दोन लहान मुलांचा बाप असलेला माणूस घरी परततो. हवालदार त्याहून थोडा उशिरा. पुढची तीस वर्षं तो त्याच अंगाने काढणार असतो. त्या अंगात नोकरीची वसुली आधीच झालेली असते. पिठ्ठूने दबलेले मणके, बर्फातल्या चौकीवर आखडलेली बोटं, आणि जवळजवळ प्रत्येकाचे गुडघे. मेजरनी आपल्या गुडघ्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. ते विनोदी आहे. ते वाचून जो माजी सैनिक हसेल त्याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवावं.

त्यात अग्निवीर आले. २०२२ च्या योजनेतली पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. चार वर्षांनी त्यांतल्या पाव हिश्शापर्यंत जवान सैन्यात राहतील, बाकीचे परत येतील. म्हणजे यापुढे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत बाविशी-पंचविशीतले माजी सैनिक दिसणार. या योजनेच्या बऱ्यावाईटावर मेजर बोलत नाहीत. पण शेवटून दुसरं प्रकरण त्यांनी या मुलांना उद्देशून लिहिलं आहे. ती मुलं शर्यती जिंकतील, यात त्यांना शंका नाही. त्यांना चिंता आहे ती जिंकून झाल्यावर ती मुलं कुणाला रिपोर्ट करणार याची.

निवृत्त सैनिकाने खेळात नव्याने उतरण्याची सगळ्यांत मोठी मराठी गोष्ट मुरलीकांत पेटकरांची. सांगलीकडचे, सैन्याच्या इएमई दलातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखाली लुळेपणा आला. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंद हा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्ण आणलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. मधल्या शेहेचाळीस वर्षांबद्दल काही लिहिण्याची माझी इच्छा नाही. मेजर पेटकरांचा उल्लेख एकदाच, ओझरता करतात, आणि मी त्याबद्दल त्यांच्याशी भांडलो. माझ्या मते तिथे एक प्रकरण हवं होतं. ते म्हणाले, ती माझ्या बरोबरीची गोष्ट नाही. असेल. पण वाचकाच्या कामाची आहे.

आणखीही भांडणं आहेत. पुस्तकात स्त्रिया जवळजवळ नाहीत. भिंतीवरून ओढून घेतलेल्या त्या पाच मुली सोडल्या तर. मेजर नोकरीत होते तेव्हा पायदळात मुली नव्हत्या, आणि आजही नाहीत. पण २०२१ मध्ये सैनिकी पोलिस दलात महिला जवानांची पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली, आणि मेजरच्या स्वतःच्या भरतीच्या वर्गात आता मुली येतात. त्यांच्याविषयी पुढच्या आवृत्तीत लिहायचं त्यांनी कबूल केलं आहे. दुसरं, शेवटी दिलेला आठवड्याचा सराव चांगला असला तरी तो सैन्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाने स्वतःसाठी आखलेला आहे. खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात दहा किलो पाठीवर घेऊन घाट चढायला जाऊ नये, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर नकोच. उष्माघात हा दमाचा प्रश्न नसतो. चांगल्या दमाची मुलं त्यात गेलेली आहेत. मेजरनी हे एका ओळीत सांगितलं आहे. मी ते मुद्दाम इथे पुन्हा लिहितो.

भाषेबद्दल एवढंच की संपादकांनी मेजरच्या फौजी हिंदीमिश्रित मराठीला हात लावला नाही, हे उत्तम झालं. ‘रगडा’ला ‘कठोर प्रशिक्षण’ केलं असतं तर पुस्तक मेलं असतं.

सहावं प्रकरण आधी वाचावं, असं माझं सुचवणं आहे. त्यात साताऱ्याच्या बाजूला काही हौशी मंडळींनी भरवलेल्या ओझ्याच्या चालीची हकीकत आहे. मेजर तिथे स्पर्धक नव्हते, रस्ता आखून द्यायला गेले होते. त्यांनी आयोजकांकडे एकच हट्ट धरला, पोचल्यावर काहीतरी काम द्या. फोटोची घाई असते, लोक दमलेले असतात, असं आयोजकांचं म्हणणं. मेजरनी वाटेवर काही वस्तू ठेवल्या. उलटी टांगलेली बादली, निळं फडकं बांधलेला खांब, चुकीच्या गावाचं नाव लिहिलेली पाटी. शेवटच्या रेषेवर पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी प्रत्येकाला एक कागद दिला: काय काय दिसलं ते लिहा. सगळ्यांच्या आधी पोचलेल्या मुलाला त्यातलं जवळपास काही लिहिता आलं नाही. चाळिशीतल्या एका शाळामास्तरांना सगळं आठवत होतं, ते वेळेने मधेच कुठेतरी होते. पहिलं बक्षीस कुणाला द्यायचं यावर तिथल्या तिथे भांडण जुंपलं. मुलाचे मित्र म्हणाले, ही शर्यत आहे, परीक्षा नाही. मेजर म्हणाले, मग ओझं कशाला घेतलंत?

बक्षीस मुलालाच मिळालं. पुढच्या वर्षीच्या नियमांत कागदाला किती गुण द्यायचे याची चर्चा, मी हे लिहितो आहे तोवर, चालू आहे. मेजर निम्मे गुण मागताहेत आणि आयोजक दहा टक्क्यांवर अडून बसले आहेत.